समोच्च रेषा

अनुजिन, तुझा पहिला नकाशा
अजून माझ्या कपाटात आहे, गुंडाळून, रबर लावून.
उलानबातरच्या उत्तरेची टेकडी,
नमद्याचे तंबू, फळ्यांची कुंपणं,
आणि वरपासून खालपर्यंत एक रस्ता,
इतका सरळ की बघून डोळ्यांना बरं वाटावं.
दोन्ही बाजूंना झाडं, हिरवे गोल, सगळे एकाच मापाचे.
उणे तीस अंशांत कुठली झाडं, असं विचारलं नाही मी.
एवढंच म्हटलं: जा, पाणी मोज.

राग आला तुला.
आराखडे काढायला आलेय, बाई, डबे मोजायला नाही.
पण गेलीस.

नोव्हेंबर ते जानेवारी, पाणीघराच्या खिडकीशी,
त्सेवेलमाच्या शेगडीला पाठ लावून
तू वहीत रेघा मारल्यास, चार उभ्या, एक आडवी.
पेन गोठलं, मग पेन्सिल.
किती डबे, किती जण, कुठल्या गल्लीतून.
आणलंस ते कोष्टक स्वच्छ होतं,
सरासरी दोन दशांशांपर्यंत.
मी विचारलं, ही सरासरी राहते कुठे?
कुठल्या कुंपणाआड?
तू गप्प.
(मला आवडतो तो क्षण. थोडी दुष्टच आहे मी.)

मग तू गाडा ओढलास,
तेमुगे नावाच्या दहा वर्षांच्या मुलाचा,
पन्नास लिटर, चढावर.
दुसऱ्या वळणाशी बर्फाची काच झाली होती,
गाडा तुला घेऊन मागे आला.
गुडघा फुटला. मुलगा पोट धरून हसला.
"इथून कोण जातं? चल, इकडून."
आणि लांबची वाट दाखवली,
लोखंडी दारांमागून, कुत्र्यांना नावानं हाका मारत,
जिथे दुपारी दोन तास ऊन टेकतं
आणि कुणीतरी रोज चुलीतली राख पसरून जातं.

समोच्च रेषा समान उंचीचे बिंदू जोडतात,
असं मी तीस वर्षं शिकवत आले.
तू लंगडत आलीस आणि म्हणालीस,
बाई, त्या पोटऱ्यांत असतात.
मी ते लिहून घेतलं. तुला सांगितलं नाही.

दुसरा नकाशा भयंकर होता.
सगळं कोंबलंस त्यात: ऊन, राख, कुत्री,
धूर कुठे वळतो, कुणाची सून कुणाशी बोलत नाही.
रंगांची खिचडी,
खुणांची यादी कागदाच्या बाहेर ओघळलेली.
चुकायचं तर असं चुकावं, भरल्या हातानं.

आणि परवाचा हा तिसरा. जवळजवळ रिकामा.
रस्ता नाहीच.
तीच लांबची वाट, तिच्या दोन वळणांवर
पायऱ्या, आणि पायऱ्यांना लागून गाड्यासाठी उतरण.
राखेला एक पेटी.
पाणीघर अर्ध्या चढावर सरकवलेलं,
रिकामे डबे वर जावेत, भरलेले खाली यावेत म्हणून.
टँकर चढेल का तिथवर?
चढतो, म्हणालीस, ड्रायव्हरला विचारलं. चाकांना साखळ्या बांधतो.
आणि जे त्याच्याही वर राहतात?
त्यांचं जमलं नाही अजून, म्हणालीस,
खाली मान न घालता.

कोपऱ्यात बारीक अक्षरांत टीप:
जुन्या आराखड्यातला सरळ रस्ता. कधीच वापरात आला नाही.

तो माझा आहे, अनुजिन.
बावीस वर्षांची होते.
नळाला गरम पाणी येणाऱ्या घरात बसून,
मॉस्कोहून आलेल्या पट्टीनं,
एकदाही तिथे न जाता.
त्या वर्षीचं बक्षीस मिळालं होतं त्याला.
तुला ठाऊक होतं का? नसावं.

आता शेरा लिहायला बसलेय.
खिडकीतून दिसतेय टेकडी, चुली पेटल्यात,
धुराखाली कुंपणं बुडत चाललीत.
गुण राहू देत उद्यावर.
आधी हे सांग, शनिवारी मला नेशील?
गाडा मी ओढेन.
निदान दुसऱ्या वळणापर्यंत.